एटीव्हीचा पुढचा ब्रेक मऊ, मागचा कडक पण लागत नाही. तीनदा एअर काढली, आता काय करू?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी, आमची दापोलीजवळ वाडी आहे, नारळ सुपारी आणि चार खोल्या पाहुण्यांसाठी, वरती सड्यावर स्वतःच्या जागेत एक ट्रॅक केलाय आणि तीन एटीव्ही (खडबडीत जागेवर चालवायच्या चार जाड चाकांच्या, हँडलवाल्या गाड्या) ठेवल्यात, चायनीज बनावटीच्या, २०० सीसी, ऑटोमॅटिक, तिन्ही सेकंडहँड घेतलेल्या. प्रॉब्लेम नंबर दोनच्या गाडीचा आहे. उजव्या हाताच्या लिव्हरवर पुढची दोन्ही चाकं (दोन्हीला डिस्क), आणि पायाच्या ब्रेकवर मागची एकच डिस्क, ती एक्सलवर बसवलेली आहे.

पावसाळ्याचे चार महिने गाड्या शेडमध्ये झाकून होत्या. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्या तेव्हा ब्रेक जाम वाटले म्हणून इथल्याच एका बाईक मेकॅनिकला बोलावलं, त्याने सगळे कॅलिपर (चाकाजवळचा, पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलले, धुतले, नवीन पॅड टाकले, नवीन ब्रेक ऑईल भरलं. तेव्हापासून पुढची लिव्हर पार ग्रिपला टेकते. पटापट चारपाच वेळा दाबली की वर येते आणि लागते थोडी, मग सोडून परत दाबली की पहिले पाढे पंचावन्न. तीनदा एअर काढून झाली. मागचा ब्रेक उलट दगडासारखा कडक आहे पण गाडी थांबायचं नाव घेत नाही, नुसता सर्र आवाज येतो.

शनिवारी एक पाहुणा उतारावर ब्रेक दाबत दाबत सरळ करवंदाच्या जाळीत गेला. खरचटण्यावर निभावलं, तोच हसत होता पण माझे हातपाय गार पडले. तेव्हापासून गाडी बंद ठेवलीय. मेकॅनिक म्हणतो मास्टर सिलेंडर (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑईल पुढे ढकलणारा पंप) गेलाय, पूर्ण नवीन मागव. मागवू का? की आधी अजून काही बघू?

पुणेरी_पंक्चर

लिव्हरच्या तिथली वायर टाईट करून बघा. माझ्या स्कूटरला असंच झालं होतं, २ मिनिटाचं काम.

सड्यावरचा

वायर नाहीये हो दादा, हायड्रॉलिक आहे, ऑईलच्या दाबावर चालतो.

पुणेरी_पंक्चर

मग सोडा 😅

गॅरेजवाला_कराड

भावा थांब, काहीपण मागवू नको एवढ्यात. तुझ्या गाडीला दोन वेगवेगळे आजार आहेत आणि तू एकच समजून औषध करतोयस. पुढचा मऊ आहे आणि मागचा कडक आहे, ह्या दोन टोकाच्या गोष्टी आहेत.

लिव्हर मऊ लागते म्हणजे तुझ्या बोटाचा जोर पॅडपर्यंत पोचायच्या आधीच कुठेतरी खर्च होतोय. एकतर आत हवा आहे, कारण हवा दबते आणि ब्रेक ऑईल दबत नाही. नाहीतर काहीतरी वाकतंय, फुगतंय, नाहीतर पॅड डिस्कपासून लांब जाऊन बसलाय. लिव्हर कडक आहे पण गाडी थांबत नाही, म्हणजे जोर पॅडपर्यंत व्यवस्थित पोचतोय, पॅडच डिस्कला धरत नाहीये. तिथं एअर काढून शंभर वर्षं काही होणार नाही, तिथं पॅड आणि डिस्क बघायची.

पुढच्यासाठी एवढं सांग. दोनचार वेळा पंप करून लिव्हर वर आणायची आणि तशीच जोरात धरून ठेवायची, मिनिटभर. जागेवर राहते का हळूहळू खाली सरकते? दुसरं, दोन्ही पुढच्या कॅलिपरवर जे एअर काढायचं निपल आहे ते गाडीवर बसलेलं असताना वरच्या बाजूला आहे का खालच्या? टॉर्च मारून नीट बघ. मेकॅनिकने सगळं खोललं होतं म्हणालास म्हणून विचारतोय. मास्टर सिलेंडर गेला हे वाक्य आमच्या धंद्यात लई स्वस्त आहे, कारण पैसे दुसऱ्याचे असतात.

डोंगरी_राईडर

मी म्हणेन आधीचं ऑईल काढून टाका आणि डॉट ५ भरा (डॉट म्हणजे ब्रेक ऑईलचा ग्रेड). ते पाणी शोषत नाही, समुद्राकाठच्या दमट हवेला बेस्ट. आणि उकळायला पण २६० डिग्री लागतात. डॉट ३ म्हणजे जुनाट झालं आता, जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं.

एसटीतला_म्हातारा

अहो राईडर, असा सल्ला देऊ नका, कुणीतरी खरंच करून बसेल.

मी एसटीच्या डेपोत वर्कशॉपला होतो, निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. मोठ्या गाड्यांना एअर ब्रेक, तिथे हवा आत हवी. इथे हवा बाहेर हवी. एवढा फरक सोडला तर ब्रेकचं शास्त्र तेच.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉलच्या जातीची. डॉट ५ हे सिलिकॉनचं, जातच वेगळी, ५ आणि ५.१ ही नावं जवळची वाटली तरी एक समजू नका. दोन्ही जाती एकमेकांत मिसळत नाहीत. जुन्या सिस्टिममध्ये राहिलेलं थेंबभर आणि वरून तुमचं डॉट ५, झालं, खिचडी. शिवाय ते पाणी शोषत नाही हे खरं, पण मग आत शिरलेलं पाणी जातं कुठे? ते तळाला कॅलिपरमध्ये जाऊन बसतं आणि तिथेच गंज धरतो. आणि त्यात बारीक हवा पटकन धरून राहते, त्यामुळे लिव्हर आधीच मऊ असेल तर आणखी मऊ. रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे ऑईलच्या डबीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच भरायचं. बहुतेक वेळा डॉट ३ किंवा ४ असतं, आणि ३ च्या जागी ४ चालतं.

आकडेच हवे असतील तर कोरं डॉट ३ कमीत कमी २०५ डिग्रीला उकळतं आणि पाणी प्यायलेलं १४० ला. डॉट ४ कोरं २३० आणि पाणी प्यायलेलं १५५. म्हणजे जुनं झालेलं चांगलं ऑईल हे नव्या साध्या ऑईलपेक्षा वाईट. मुद्दा नंबराचा नाही, ताजेपणाचा आहे. फोडून कपाटात ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या मोसमात वापरू नये, कोकणात तर नाहीच नाही.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. आपण ह्याला ब्रेक ऑईल म्हणतो हेच मुळात घात करतं. ते ऑईल नाहीच. तेलाचा आणि त्याचा संबंध नाही. पण नावात ऑईल आहे म्हटल्यावर माणूस विचार करतो की तेलकट वस्तू पेट्रोलने धुवायची, डबी कमी झाली तर थोडं इंजिन ऑईल घालायचं, रबराला ग्रीस चोपडायचं. ब्रेकच्या आतलं रबर ग्लायकॉलसाठी बनवलेलं असतं. त्याला पेट्रोल, डिझेल, रॉकेल, साधं ग्रीस, काहीही लागलं की ते फुगतं, मऊ पडतं. तुमच्या मेकॅनिकने कॅलिपर "धुतले" असं लिहिलंय. कशाने धुतले ते विचारा बरं का त्याला.

सड्यावरचा

काका, कराडवाले दादा, दोघांना साष्टांग.

आत्ता बघून आलो. डावं आणि उजवं दोन्ही कॅलिपरला पाईप वरच्या बाजूने येतोय आणि निपल सगळ्यात खाली, पार जमिनीकडे तोंड करून. मग नंबर एकच्या गाडीला बघितलं, ती कधीच खोललेली नाही, तिला निपल वर आहे आणि पाईप खाली!! म्हणजे नक्की काय झालंय? मेकॅनिकला फोन केला, तो म्हणाला पेट्रोलने धुतले, सगळेच धुतात.

गॅरेजवाला_कराड

हाण तिच्या! बघ, हेच पाहिजे होतं.

त्याने डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलाय. दोन्ही एकमेकांचे आरसे असतात, बोल्टची भोकं जुळतात, पाईप पण ओढूनताणून पोचतो, म्हणून कळत नाही. पण फिरवल्यावर निपल खाली जातं. आणि हवा काय करणार, ती वरच जाणार ना. तू खालनं एअर काढतोयस, ऑईल मस्त स्वच्छ बिनबुडबुड्याचं बाहेर येतंय आणि तुला वाटतंय झालं काम, पण वरती कॅलिपरच्या डोक्यात हवेचा फुगा आरामात बसलाय. तीनदा काय तीस वेळा काढलीस तरी तो तिथंच. बाईकवाल्याला ही चूक होते कारण बाईकला बऱ्याचदा पुढं एकच कॅलिपर, अदलाबदल करायला दुसरा नसतोच.

आता काम असं कर. दोन्ही कॅलिपर काढ, आपापल्या जागी लाव. पाईपच्या टोकाला जो बॅन्जो बोल्ट असतो त्याच्या दोन्ही अंगाला तांब्याचे वॉशर असतात, ते चारही नवीन टाक, जुने दाबलेले परत बसवले की पाझरतात. ऑईल रंगावर सांडलं तर लगेच पाणी मार भरपूर, नाहीतर रंग उठतो.

एअर काढताना मेडिकलमधून सलाईनची नळी आण, निपलला घट्ट बसते, आणि आत बुडबुडे दिसतात. नळीचं दुसरं टोक बाटलीत थोडं ब्रेक ऑईल घेऊन त्यात बुडव. लिव्हर दाबायची, दाबून धरायची, निपल पाव आटा ढिलं, ऑईल आलं की निपल बंद, आणि मगच लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला की बाहेरची हवा आत ओढली जाते. आणि वरची डबी रिकामी होऊ द्यायची नाही, छोटी असते, सातआठ दाबण्यात तळ दिसतो, तिकडं लक्ष ठेवायला पोराला बसव एखाद्या. लिव्हरपासून लांबचं चाक आधी, मग जवळचं.

तरी मऊ राहिली तर उलट्या बाजूने भर. मोठी सिरिंज घे, निपलमधून ऑईल खालून वर ढकल, हवा स्वतःच्याच रस्त्याने वर डबीत येते. तेव्हा डबी भरून वाहते, फडकं लावून ठेव. आणि मास्टर सिलेंडरच्या तोंडाशी जो बॅन्जो बोल्ट आहे तिथे एक बुडबुडा हमखास अडकतो. हँडल असं वळव की तो भाग सगळ्यात वर येईल, आणि पाईपला पान्याने टकटक कर.

शारजा_टू_चिपळूण

वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त भर घालतो. मी इकडे शारजाला क्वाड (म्हणजे एटीव्हीच) भाड्याने देणाऱ्यांच्या वर्कशॉपला आहे, अल बदायरच्या वाळूत रोज गाड्या पळतात, त्यामुळे ब्रेक हा आमचा रोजचा भात आहे.

दादा कॅलिपर काढलाच आहेस तर तो ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना बघ. हाताने ढकलला तर कॅलिपर पुढेमागे लोण्यासारखा सरकला पाहिजे. खारी हवा आणि चार महिने उभी गाडी म्हटल्यावर त्या पिना गंजून धरलेल्या असणार, मी पैज लावतो. पिन धरली की काय होतं, पिस्टनच्या बाजूचा पॅड दाबतो आणि समोरचा पॅड आळशासारखा बसून राहतो, मग पिस्टन डिस्कलाच एका बाजूला वाकवतो. ते वाकणं तुला लिव्हरमध्ये मऊपणा म्हणून जाणवतं आणि माणूस एअर काढत बसतो. जुने पॅड फेकले नसशील तर बघ, एक जास्त झिजलेला आणि एक कमी असेल तर पिना जाम होत्या. पिना पॉलिश पेपरने साफ करून त्यावर ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, अगदी थोडं. साधं पिवळं ग्रीस नको, काकांनी सांगितलंच आहे रबराचं.

अजून एक. चाक जमिनीवरून उचल, वरखाली धरून हलव. खडखड हललं तर बेअरिंग गेलंय. बेअरिंग सैल असेल तर डिस्क डुगडुगते आणि पॅडना मागे ढकलून देते, मग पहिली लिव्हर खाली जाते आणि दुसऱ्या दाबण्यात वर येते. तुझं वर्णन ह्याच्याशी पण जुळतं. आम्ही इकडे नवीन पोरांना पहिली गोष्ट सांगतो, प्रेशर वॉशर चाकाच्या मध्यभागी मारू नको, सील ओलांडून पाणी आणि वाळू बेअरिंगमध्ये जाते.

आणि शेवटचा घरगुती उपाय, सगळं झाल्यावर रात्री लिव्हर दाबून सायकलच्या ट्यूबने हँडलला बांधून ठेव. बारीक बुडबुडे रात्रभरात वर चढतात, सकाळी हळूहळू लिव्हर हलवलीस की डबीतून निघून जातात. जादू नाही, पण उरलेसुरले निघतात.

घाटावरची_ताई

मागच्या ब्रेकबद्दल कोणी फारसं बोललं नाही म्हणून मी लिहिते. आमच्याकडे पाचगणीजवळ सहा गाड्या आहेत, मिस्टरांचा धंदा पण गाड्या मीच बघते. (हो, बायका पण पाना धरतात, आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर प्रश्न नकोत.)

दादा, चेनला काय लावता तुम्ही? काळं जुनं इंजिन ऑईल का? आमच्याकडचा पोरगा डब्यातून ब्रशने फासायचा, चेन कशी चकचकीत दिसायची. आणि मागचे ब्रेक दर महिन्याला "जायचे". मागची डिस्क आणि चेनचं स्प्रॉकेट दोन्ही एकाच एक्सलवर, चेन फिरली की ऑईल उडतं ते थेट डिस्कवर आणि तिथून पॅडवर. पायाला कडक लागतो, सर्र आवाज येतो, गाडी थांबत नाही, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच. एक्सलच्या बेअरिंगचं सील फुटून ग्रीस आलं असेल तरीही असंच होतं, ते पण बघा.

ऑईल प्यायलेले पॅड परत वाचत नाहीत. आम्ही सगळं करून पाहिलंय, गॅसवर भाजले, पावडरने धुतले, घासले. एक दिवस बरे वाटतात, गरम झाले की आतलं ऑईल परत वर येतं. टाकून द्या. डिस्क मात्र वाचते, आधी साबण आणि गरम पाणी, मग ब्रेक क्लीनर नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ फडक्यावर घेऊन, फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग बारीक पॉलिश पेपरने गोल गोल घासायची. डिस्कवर कमीत कमी किती जाडी चालते ते बारीक अक्षरात कोरलेलं असतं, तेवढं मोजून घ्या, त्याखाली गेली असेल तर तीही बदला. मागे दोन चाकांना मिळून ती एकच डिस्क असते, तिथे काटकसर नको.

नवीन पॅड लावल्यावर लगेच पाहुण्याला देऊ नका. सपाटीवर थोडा वेग घेऊन मध्यम दाबाने हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, असं दहापंधरा वेळा, मध्ये मध्ये गार होऊ द्यायची. मग पॅड डिस्कला बसतो.

आणि गाडी नीट झाली तरी माणसं नीट होत नाहीत हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा बसणारे अंगठ्याने थ्रॉटल दाबतात आणि घाबरून त्याच वेळी बोटं ब्रेकवर ठेवतात, दोन्ही एकदम. पूर्ण फेरी अशी काढतात. पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात. काहीजण लिव्हरचा पार्किंगचा खटका न काढताच निघतात, "गाडी ओढत नाही" म्हणून तक्रार पण करतात वर. आम्ही आता आधी पाच मिनिटं सपाटीवर फक्त थांबायला शिकवतो, चालवायला नंतर. एका गाडीवर एकच माणूस, तसं गाडीवरच स्टिकर असतं पण आपल्याकडे आख्खं कुटुंब चढायला बघतं, मी सरळ नाही म्हणते. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

ऑटोमॅटिकवाल्यांनी अजून एक समजून घ्या. उतारावर वेग कमी झाला की क्लच सुटतो आणि गाडी मोकळी धावायला लागते, आपल्या स्कूटरसारखी. गिअरचा आधार मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर. त्यामुळे तुमचा सड्यावरचा उतार कितीही छोटा असला तरी तिथे मऊ ब्रेक म्हणजे ब्रेक नाहीच.

सड्यावरचा

ताई तुम्ही आमच्या शेडमध्ये कॅमेरा लावलाय का 😳 काळं ऑईलच लावतो आम्ही, डबा भरून ठेवलाय.

आजचा रिपोर्ट देतो, दिवसभर हेच केलं. दोन्ही कॅलिपर अदलाबदल केले, निपल आता वर. डाव्या बाजूची वरची पिन इतकी धरली होती की निघताना हातोडी लागली, म्हणजे शारजाचे भाऊ पैज जिंकले. जुने पॅड शेडमध्येच पडले होते, आतला पॅड पत्र्याला लागलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवीन. बेअरिंग ठीक आहेत, हलत नाहीत. सलाईनच्या नळीने एअर काढली, बुडबुडे इतके निघाले की माझा पुतण्या मोजायला लागला आणि मग कंटाळला.

लिव्हर आता अर्ध्यावर कडक होते!! पहिल्याच दाबण्यात. मला वाटलं जिंकलो. पण कराडवाल्या दादांची मिनिटभर धरायची टेस्ट केली तर हळूहळू, अगदी हळूहळू, ग्रिपकडे सरकते. कुठेही बाहेर गळत नाहीये, सगळीकडे कोरडा कागद लावून बघितला. मग मेकॅनिक म्हणत होता तेच खरं का, मास्टर सिलेंडर गेला?

गॅरेजवाला_कराड

मास्टर सिलेंडर गेला पण आणि नाही पण. बाहेर थेंब नाही आणि लिव्हर सरकते म्हणजे आतल्या पिस्टनवरचं रबर दाब धरत नाहीये, ऑईल रबराच्या कडेने मागं डबीकडे परततंय. त्यासाठी पूर्ण सिलेंडर लागत नाही, किट मिळतं, पिस्टन, रबर, स्प्रिंग. पिस्टनचा व्यास मोजून घे, अंदाजाने आणू नको. तुमच्या बाजूला नाही मिळालं तर पुण्याला नाना पेठेत कुणी जाणारं असेल तर जुना पिस्टन हातात देऊन पाठव, नमुना दाखवल्याशिवाय तिथं पण चुकीचं देतात.

सिलेंडर उघडल्यावर आतली भिंत टॉर्चने बघ, नखाला लागतील असे खड्डे किंवा ओरखडे असतील तर मात्र किटचा उपयोग नाही, नवीन रबर पण महिन्यात कापलं जाईल, तेव्हा पूर्ण सिलेंडर. गुळगुळीत असेल तर किट टाक. बसवताना रबराला ताजं ब्रेक ऑईलच लावायचं, दुसरं काही नाही.

एसटीतला_म्हातारा

आणि ते पेट्रोल. मास्टर सिलेंडरही त्याच डब्यात धुतला असणार, दुसरं काय. नसेल धुतला तरी कॅलिपरमधलं पेट्रोल ऑईलमधून सगळीकडे फिरलं. म्हणून माझं ऐकाल तर कॅलिपरच्या पिस्टनचं चौकोनी रबर पण दोन्हीकडे बदला. त्या रबराचं काम फक्त ऑईल अडवायचं नाही. लिव्हर दाबली की ते पिस्टनबरोबर थोडं पीळ खातं आणि सोडली की परत सरळ होऊन पिस्टनला केसभर मागे घेतं. फुगलेलं रबर हे करत नाही, मग ब्रेक एकतर चिकटून राहतो नाहीतर पिस्टन जास्तच मागे जातो. रबर ज्या खाचेत बसतं ती खाच लाकडी काडीने साफ करा, तिथे पांढरा थर धरतो खाऱ्या हवेत.

अजून एक लहान गोष्ट. डबीच्या तळाला दोन भोकं असतात, एक मोठं, एक सुईसारखं. ते बारीक भोक बुजलं की ऑईल परत यायला वाट नाही, चाकं आपोआप धरतात. लिव्हरला सुरुवातीला दोनचार मिलिमीटर मोकळी हालचाल हवीच. "मऊ आहे" म्हणून स्क्रू आवळून ती मोकळीक काढून टाकायची सवय असते लोकांना, तसं करू नका, पिस्टन ते बारीक भोक झाकून बसतो आणि गाडी गरम झाली की ब्रेक स्वतःच लागतो.

केळशीकर

ब्रेकातलं मला काय कळत नाही, पण गाव जवळ म्हणून सांगतो. सड्यावर फिरवताय तेच बरं आहे, किनाऱ्यावर नेऊ नका हो ह्या गाड्या. वेळास, केळशी, आंजर्ले ह्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, घरटी भरतीच्या रेषेच्या वर वाळूत असतात, वरून काही दिसत नाही. चाकाखाली कधी गेलं कळणार पण नाही.

सड्यावरचा

@केळशीकर नाही नेत, एकदा पाहुण्याच्या हट्टापायी पहिल्या वर्षी नेली होती, परत नाही. खाऱ्या पाण्याने तेव्हाच गाडीची वाट लागली होती, वेगळी शिक्षा नको होती.

सड्यावरचा

उशीर झाला पण अपडेट देतोय, नाहीतर लोक धागा अर्धवट सोडून गायब होतात ते मलाच आवडत नाही.

मास्टर सिलेंडर खोलला. पिस्टनचं रबर बाहेर काढून किटमधल्या नवीन रबराशेजारी ठेवलं तर जुनं डोळ्याला दिसेल एवढं जाड आणि बोटाने दाबलं तर चिकट. भिंत गुळगुळीत होती, म्हणून किटवर भागलं. कॅलिपरची रबरं पण बदलली, ती मिळायला मात्र आठ दिवस गेले आणि एक सेट चुकीचा आला, तो परत पाठवला. चौकोनी रबराच्या खाचेत काका म्हणाले तसा पांढरा थर होता, खडूसारखा. नवीन ऑईल, एअर, रात्री सायकलची ट्यूब. सकाळी लिव्हर एक तृतीयांशावर कडक, मिनिटभर धरली तरी हलत नाही.

मागचे पॅड काढले तर काळे आणि चकचकीत, बोटाला तेल लागलं. फेकले. डिस्कची जाडी अजून मर्यादेच्या वर आहे. ताईंनी सांगितलं तसं साबण, अल्कोहोल, पॉलिश पेपर. काळ्या ऑईलचा डबा शेडमधून बाहेर काढला आणि चेनसाठी स्प्रे आणलाय, तो पण मध्ये पुठ्ठा धरून मारतो आणि जास्तीचा पुसतो.

काल त्याच करवंदाच्या उतारावर मी स्वतः आधी एकटा, मग मागे वाळूच्या गोण्या बांधून दहा फेऱ्या मारल्या. मध्यावर दोन बोटांनी थांबली. पायाच्या ब्रेकवर मागची दोन्ही चाकं मातीत रेघ ओढतात. पुतण्या म्हणतो आता खूपच जोरात लागतो, त्याला आधीची सवय झालेली.

मेकॅनिकला बोलावून सगळं दाखवलं, भांडण नाही केलं, तो पण गप्प बसून बघत होता, मग म्हणाला निपल वर पाहिजे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जाताना ते जुनं रबर खिशात घालून घेऊन गेला.

एक राहिलंच. नंबर तीनची गाडी पण त्याने त्याच दिवशी खोलली होती, तिची लिव्हर बरी वाटते म्हणून आम्ही वापरत होतो. आत्ता हे लिहिता लिहिता उठून टॉर्च मारून आलो. डावं निपल वर आहे. उजवं खाली. पाईप कसाबसा फिरवून बसवलाय. म्हणजे दोन्ही कॅलिपर डावेच आहेत ह्या गाडीला?? सेकंडहँड घेताना कुणी टाकला असेल. उजवा कॅलिपर सुटा मिळतो का कुठे?

गॅरेजवाला_कराड

मिळतो. पण आधी ती गाडी पण बंद कर, आजच. आणि कॅलिपरच्या पाठीवर काही नंबर ओतलेला असेल तर इथं टाक.

तोपर्यंत एअर काढायची असेल तर उजवा कॅलिपर बोल्ट काढून सोडव, पाईप तसाच, हातात उलटा धर म्हणजे निपल वर येईल, पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीची लाकडाची पट्टी घाल नाहीतर पिस्टन बाहेर उडेल. तसंच धरून एअर काढ आणि परत बसव. चालेल, पण कायमचं नाही.